मामंजींचे जपानी वाक्य

चुकले की मामंजी शिंपला भिरकावत. माझ्या अंगावर नव्हे, माडाच्या बुंध्यावर. ते माझे सासरे, गलबतावरचे जुने तांडेल. आणि देवबागच्या आमच्या पडवीत आम्ही दोघे जपानी शिकत होतो.

एकच वाक्य. "वाताशी नो मुसुको वा दोको देसु का?" माझा मुलगा कुठे आहे? मोठ्या शब्दांना ते करवंट्या मांडत: वाताशी म्हणजे मी, मुसुको म्हणजे मुलगा, दोको म्हणजे कुठे, देसु म्हणजे आहे. बारक्या शब्दांना शिंपले. 'नो' लावला की 'मी'चे 'माझा' होते, 'वा' कोणाबद्दल बोलतोय ते सांगतो, शेवटचा 'का' प्रश्न करतो. जपानला जाऊन आलेल्या, बोटीवरच्या एका म्हाताऱ्या स्वयंपाक्याने त्यांना हे शिकवले होते. मी शिंपला विसरले की मामंजी ओरडत, "बारको म्हणान सोडू नको गो! अर्थ बुडतलो!"

त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, बोटीवर खलाशी होता; जपानच्या कोबे बंदरात उतरला तो परतलाच नाही. बोटीच्या कंपनीने एका ओळीत कळवले आणि हात झटकले. त्या माणसांचा मला अजून संताप येतो. गावातल्या बायका तरी कुठे बऱ्या होत्या! एकीने विहिरीवर मला विचारले, "कुंकू किती दिस लावतलस?" मामंजी रहाट सोडून तिच्या अंगावर धावले. "माझो झील जितो आसा! हिच्या कुंकवाक कोणी हात लावल्यान तर हात मोडून टाकतलंय!"

देवबागेत कोणी परका उतरला तर घरोघर कळते. जपानातही तसेच असणार, असा त्यांचा सरळ हिशेब. रेडी बंदराला लोखंडाची माती न्यायला जपानी बोट लागल्याचे कळले, तसे आम्ही एसटीने निघालो. तिथे मागून घेतलेली होडी बोटीला भिडवून मामंजी उभे राहिले, मुलाचा फोटो उंच धरला आणि वाक्य म्हटले. एकही शिंपला सुटला नाही.

कठड्यावरचा जपानी खलाशी वाकला, फोटो निरखला आणि बोलू लागला. बराच वेळ बोलला, हातवारे करून, सावकाश, पुन्हा पहिल्यापासून. आम्हाला एक अक्षर कळले नाही. आम्ही फक्त प्रश्न शिकलो होतो. उत्तर येईल हे दोघांच्याही डोक्यात आले नव्हते! मामंजींनी वल्हे होडीवर आपटले. "सांगल्यान गो, कायतरी सांगल्यान!"

मी इतकी चिडले होते की परतीच्या एसटीत त्यांच्यापासून लांबच्या बाकावर जाऊन बसले.

सकाळी पाहते तर पडवीत करवंट्या मांडलेल्या. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "इचारूक शिकलंव. आता आयकूक शिकाया. बस."

मी कुंकू लावून आले आणि बसले.