अधिक श्रावणातल्या तीन वह्या

"पानी फिरला वोऽ, चला चलाऽ!"

पनवेलच्या बंदरावर तांडेलाची ही आरोळी उठली, की ओहोटीबरोबर मचवा सुटायला फार वेळ उरलेला नसे. पंचवीस वर्षं होत आली, पण ती आरोळी अजून कानात आहे, कारण तिच्यामागून धावतानाच मला श्री. विनायकराव खारकर प्रथम भेटले.

उरणला भाचीचं लग्न होतं. मी धोतराचा सोगा सावरत, एका हातात आहेराची पिशवी घेऊन धक्क्यावर पोचलो, तेव्हा मचवा दहा-बारा हात पुढे गेलेला. मी ओरडलो. तांडेलाने मागे वळून पाहिलं आणि हसून म्हणाला, "मास्तर, पानी काय तुमच्या शालंची घंटा हाय थांबाला?"

धक्क्यावर एक पस्तिशीचे गृहस्थ ट्रंकेवर बसले होते. नुकतेच दुसऱ्या मचव्यातून उतरलेले. त्यांनी मला शेजारी जागा करून दिली. म्हणाले, "साहेब ह्याला 'जस्ट टू लेट' म्हणतो. म्हणजे हुकलं खरं, पण थोडक्यात. तुम्ही तासाभराने आला असतात, तर एवढं वाईट वाटलं नसतं." मला त्या क्षणी त्या माणसाचा भयंकर राग आला. दोन दिवसांनी लग्न आटोपून शाळेत आलो, तर हेच गृहस्थ आमचे नवे इंग्रजीचे शिक्षक म्हणून आठवीच्या वर्गात उभे! फळ्यावर खाडीची रेघ, रेघेवर मचवा आणि मचव्याच्या मागे धोतर सावरणारी एक आकृती. वर्ग खिदळत होता. आकृती कुणाची, हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

खारकर सरांची शिकवण्याची रीत ही अशी. काळवेळ सांगणारे इंग्रजी शब्द मुलांना पाठ करून येत नाहीत, ते बंदरावर आणि मिठागरात शिकावे लागतात, असं ते म्हणत. मचवा सुटण्याआधी पोचला तो 'इन टाइम', ठरल्या घटकेला पोचला तो 'ऑन टाइम', आणि पाणी यायच्या आधीच येऊन जांभया देत बसला तो 'अर्ली'. दर शनिवारी ते सबंध वर्ग धक्क्यावर नेत आणि येणाऱ्याजाणाऱ्या उतारूंना मुलांकडून एकेक विशेषण लावून घेत. उतारूंना त्याचा पत्ता नसे, हे बरंच होतं म्हणायचं.

एकदा मी शेजारच्या वर्गात कविता शिकवत होतो. माझी चाल थांबली आणि भिंतीपलीकडचं बोलणं कानावर आलं. सर मिठागरवाल्यांच्या घरच्या एका मुलीला विचारत होते, "तुमच्या आगरात मीठ पडलं का गं?"

"नाय पडला, सर."

"पडेल असं वाटतं?"

"वाटतं ना."

"मग 'येट' लाव. 'नॉट येट', अजून नाही. ह्या शब्दात आशा असते."

"पन सर, बापूस म्हनतो ह्या सालाला पडनारच नाय!"

"मग काढून टाक बाई 'येट'. बापाला जास्त कळतं."

माझा वर्गही हसला, त्यांचाही हसला. मी आयुष्यभर आर्या आणि श्लोक शिकवले, पण एका शब्दात आशा असते, हे असं मला कधी सांगता आलं नव्हतं.

मात्र इंग्रजीतल्या 'सून' म्हणजे 'लवकरच' ह्या शब्दावर त्यांचा विश्वास नव्हता. हेडमास्तर एकदा सभेत म्हणाले, "वर्गांची कौलं लवकरच बदलू." सर उठून नम्रपणे म्हणाले, "साहेब, 'लवकर'ची तारीख सांगता का? मुलांच्या डोक्यावर पाणी तारखेने पडतं." कौलं त्याच महिन्यात बदलली गेली. त्यांचं बोलणं असं कुणाला न दुखवता काम करून जाई.

त्यांच्या मायेची एकच गोष्ट सांगतो. माझ्या पत्नीला विषमज्वर झाला, तेव्हा सहा आठवडे त्यांनी स्वतःचे तास सांभाळून माझा कवितेचा तासही घेतला. पण कविता चालीवर म्हणायची, हा माझा हट्ट त्यांना ठाऊक होता. म्हणून शाळा सुटल्यावर ते रोज माझ्या ओटीवर बसून माझ्याकडून चाल शिकत. गळा असा, की आळीतली कुत्री उठून जात. एके दिवशी आतून अंथरुणावरून आवाज आला, "अहो, भावोजींना म्हणावं, ताप उतरला, आता पुरे!" सव्वा महिन्यात ती पहिल्यांदा हसली होती.

इथपर्यंत लिहिणं सोपं होतं. सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या गौरवग्रंथाच्या समितीला एवढंच हवं असेल, तर त्यांनी पुढचा मजकूर खुशाल गाळावा. पण तो लिहिल्याशिवाय मला हा लेख माझा म्हणता येणार नाही.

नऊ वर्षांपूर्वी अक्षय्यतृतीयेच्या सुमारास सरांनी तीन वह्या माझ्या हाती ठेवल्या. बंदर, मिठागर, मासळीचा लिलाव अशा आपल्याकडच्या उदाहरणांनी इंग्रजीतले वेळेचे शब्द शिकवणारं पुस्तक त्यांनी लिहिलं होतं. गिरगावातले एक प्रकाशक ते काढायला तयार होते. "नाना, मराठी तेवढं नजरेखालून घाला. कधी देता?" त्यांच्याशी 'लवकरच' म्हणायची सोय नव्हती. मी म्हणालो, "श्रावण लागायच्या आत."

मग मी ते मराठी नजरेखालून घालायच्या ऐवजी नटवायला घेतलं. त्यांनी 'वेळेआधी' लिहिलेलं, मी तांबड्या शाईने 'अरुणोदयापूर्वी' केलं. 'उशिरा'चं 'कातरवेळ ढळल्यावर' केलं. एकेका शब्दापाशी मी दोन-दोन दिवस रमलो. आज ते वाचताना कान गरम होतात.

त्या वर्षी अधिक श्रावण होता. तो लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी सर घरी आले. "नाना, श्रावण लागला बरं का."

मी झोपाळ्यावरूनच म्हणालो, "अहो, तो अधिक! आपला निज श्रावण अजून महिनाभर लांब आहे. सणवार कुणी अधिकात करतं का?"

ते हसले. "साहेबाला हे कळलं, तर तोही एक महिना मागून घेईल," म्हणाले आणि चहा न घेताच गेले.

वाचकहो, माझ्या पाठीमागे भिंतीवर पंचांग टांगलेलं होतं. कोणता महिना दोनदा येणार, हे मला पाडव्यापासून माहीत होतं. आणि सरांच्या मनात कोणता श्रावण होता, तेही. माझी दीडच वही झाली होती. देवाधर्माचा महिना मी माझ्या आळसासाठी वापरला.

निज श्रावणाच्या तिसऱ्या दिवशी मी तिन्ही वह्या घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांच्या हातात प्रकाशकांचं कार्ड होतं. वाट पाहून प्रकाशकांनी दुसऱ्याच कुणाचं पुस्तक छापायला घेतलं होतं. सरांनी कार्ड उलटं ठेवलं आणि म्हणाले, "असू द्या, नाना. वह्या तुमच्याकडेच ठेवा. सावकाश बघा."

ते रागावले असते, तर मी सुटलो असतो. नंतर शाळेत ते पूर्वीसारखेच बोलत, माझ्या निवृत्तीच्या दिवशी हार त्यांनीच घातला. फक्त माझ्या घरी परत कधी आले नाहीत. पुढे पत्नी गेली, तेव्हाही ते स्मशानातून परस्पर गेले. आणि त्यांच्या वर्गाबाहेरची उरण-पनवेलची मुलं बाजारातल्या गाइडवरच शिकत राहिली. त्यात लंडनची आगगाडी असते, पण आपली खाडी नसते. परीक्षेला ती मुलं कुठे अडतात, ते पेपर तपासणाऱ्यांना विचारा.

गेले तीन आठवडे मी त्या वह्यांची स्वच्छ प्रत काढतो आहे. माझा एकही शब्द ठेवलेला नाही. 'वेळेआधी' म्हणजे 'वेळेआधी'. ही प्रत आणि मूळ वह्या समितीच्या चिटणिसांबरोबर सरांकडे पाठवणार आहे. स्वतः नेऊन देण्याचं धाडस मला नाही, हेही इथेच नोंदवतो.

विनायकरावांना साठी पूर्ण होत आहे. मी त्यांच्याहून पाच वर्षांनी मोठा, तेव्हा आशीर्वाद द्यायचा अधिकार वयाने मिळालेला आहे, लायकीने नाही. त्यांची प्रकृती धडधाकट राहो, डोळे वाचायला आणि पाय बंदरापर्यंत चालायला साथ देवोत. वहिनींसह त्यांनी शंभरी पाहावी, आणि ह्या वह्यांचं पुस्तक झालेलं त्यांच्या हातात असावं. माझ्यामुळे वाया गेलेली नऊ वर्षं देवाने त्यांच्या आयुष्यात वरून घालावीत.

लेख न्यायला चिटणीस चार वाजता येणार होते. एवढं लिहून शाई टिपत होतो, तर सव्वातीनलाच कडी वाजली. दार उघडलं. बाहेर खारकर उभे होते, एकटेच, उन्हातून चालत आलेले, टोपी हातात.

"नाना," ते म्हणाले, "आत येऊ का?"

वह्या टेबलावर उघड्या पडल्या होत्या, तांबड्या शाईसकट. मी दारातून बाजूला झालो.