घोरण्याची निर्दोष नोंद

तिला ऑफिसात सगळे खुसपटताई म्हणत, आणि तिला त्याचा राग येत नसे, कारण खुसपट काढण्याचाच तिला पगार होता. प्रोग्रॅमर लोक जे काही बनवत ते मोडून दाखवणं हे तिचं काम. लहानपणापासूनच तिचा डोळा असा. शाळेच्या घड्याळातला तास-काटा किंचित वाकडा आहे हे तिने मुख्याध्यापकांना सांगितलं होतं. लग्न ठरवायला आलेल्या मुलाला तिने सगळ्यांसमोर सांगितलं की तुमच्या शर्टाचं एक बटण दुसऱ्या शर्टाचं आहे. मुलगा पोहायला शिकवायचा, स्वभावाने पाण्यासारखाच. त्याने बटण बघितलं, हसला आणि म्हणाला, “अरे हो की.” तिने तिथेच होकार दिला.

त्यांची कंपनी दातांच्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. पेशंटची वेळ ठरवणं, आदल्या संध्याकाळी त्याच्या फोनवर आठवणीचा मेसेज पाठवणं, असं. काम साधं, पण टीममध्ये कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नव्हता. ग्राहकाने काय मागितलं ते साहेबांच्या ईमेलमध्ये पडून असे, प्रोग्रॅम प्रोग्रॅमरच्या मशीनवर, आणि चुकांची यादी खुसपटताईच्या तक्त्यात. ती एक चूक दाखवायची, प्रोग्रॅमर भलतीच दुरुस्त करायचा, आणि डॉक्टरांच्या हाती पडायची ती जुनीच आवृत्ती. मग कुणी कुणाला काय सांगितलं होतं यावर अर्धा दिवस भांडण.

शेवटी साहेबांनी नवीन यंत्रणा आणली. मागणी, प्रोग्रॅम, तपासणी, दुरुस्ती, ग्राहकाकडे रवानगी, सगळं एकाच ठिकाणी, एकमेकांना जोडलेलं. एका टोकाला नोंद टाकली की ती आपोआप पुढच्या माणसाकडे सरकणार. पहिल्याच दिवशी तिचं नाव ‘साखळी’ पडलं.

शिकवायला आलेल्या माणसाने सांगितलं, प्रत्येकाने सरावासाठी एक खोटी नोंद करा, मी नंतर सगळ्या पुसून टाकतो. बाकीच्यांनी ‘अबक’ आणि ‘टेस्ट टेस्ट’ लिहून चहाची वाट धरली. खुसपटताईला खोटी नोंद जमेना. चूक ही खरीच असली पाहिजे, एवढं एक व्रत तिने आयुष्यभर पाळलं होतं. तिने थोडा विचार केला आणि घरची, रोजची, निर्विवाद चूक लिहिली.

नाव: घोरणे. चूक कशी दिसते: व्यक्ती उताणी झोपते, दिवा बंद होतो. अपेक्षित परिणाम: शांतता. प्रत्यक्ष परिणाम: करवतीसारखा आवाज, अधूनमधून शिट्टी. तात्पुरता उपाय: कोपराने ढोसून कुशीवर वळवणे. तीव्रता: गंभीर. ग्राहकाच्या रकान्यात निवडायला एकच दवाखाना होता, तो तिने निवडला, कारण रिकामा रकाना तिला बघवत नसे.

शिकवणारा माणूस नोंदी पुसायला विसरला. ‘अबक’ आणि ‘टेस्ट टेस्ट’ अर्धवट भरल्या म्हणून साखळीने दारातच अडवल्या. सगळे रकाने भरलेली, एकही शब्द इकडेतिकडे नसलेली अशी एकच नोंद होती. ती ऐटीत पुढे सरकली आणि मुकाटच्या पुढ्यात येऊन पडली.

मुकाट म्हणजे टीममधला सगळ्यात हुशार प्रोग्रॅमर. समोर येईल ते करायचं, विचारायचं काही नाही, असा त्याचा खाक्या. त्याने नोंद नीट वाचली. सॉफ्टवेअरने कोपर कसं मारायचं हा प्रश्न त्याला खरंच पडला होता. मग त्याने तोडगा काढला. आठवणीच्या मेसेजखाली त्याने एक ओळ जोडली: ‘आपण घोरता. कृपया कुशीवर झोपावे. कोपर मारण्याची वेळ आणू नये.’

पुढची तपासणी साखळी स्वतःच करायची. अपेक्षित परिणाम शांतता, असं लिहिलेलं. मेसेज गेल्यावर मशीनमधून काही आवाज आला का? नाही आला. पास. हिरवी खूण. नवी आवृत्ती रवाना.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातला फोन खाली ठेवायला सवड मिळेना. डॉक्टरीणबाई शांत स्वभावाच्या, पण त्यांचाही आवाज चढला. एक आजोबा स्वतः चालत आले आणि त्यांनी विचारलं, मागच्या महिन्यात दाढेत जे भरलंत, त्यातून तुम्ही ऐकता का? एकटे राहणारे एक गृहस्थ तर घाबरलेच होते. आपण घोरतो हे दवाखान्याला सांगितलं कुणी, हे त्यांना कळेना. एका बाईने मात्र हाच मेसेज आपल्या दिरालाही पाठवा म्हणून नंबर दिला.

साहेबांनी सगळ्यांना मीटिंगच्या खोलीत बोलावलं, डॉक्टरीणबाईंना फोनवर घेतलं आणि फोन टेबलाच्या मधोमध ठेवला. एरवी अशा वेळी प्रत्येकाचं बोट शेजाऱ्याकडे असे. पण आता साखळी होती. साहेबांनी त्या ओळीवर क्लिक केलं. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर मेसेजमागून प्रोग्रॅम आला, प्रोग्रॅममागून मुकाटचं नाव, आणि त्यामागून मूळ नोंद, खुसपटताईच्या नावासकट.

साहेबांनी ती मोठ्याने वाचली. ‘कोपराने ढोसून’ला ते जरा थांबले.

खुसपटताईला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तिच्या नवऱ्याचा आवाज करवतीसारखा आहे हे आता हिशेबनिसापासून पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होणार होतं. पण पडद्याकडे बघता बघता तिच्यातली तपासनीस जागी झाली.

“नोंद बरोबर आहे,” ती म्हणाली. “तपासणी चुकली. मशीन गप्प बसलं म्हणजे माणूस गप्प झोपला असं होत नाही.”

मुकाट मान खाली घालून टेबलाला म्हणाला की त्याला वाटलं होतं, दवाखान्यानेच मागितलंय. कुणाला विचारलंस का, असं साहेबांनी विचारलं. त्याने नकारार्थी मान हलवली.

तेवढ्यात फोनमधून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला. त्या म्हणाल्या, ओळ आधी काढा, कोपराचं तर ताबडतोब. पण फोन केलेल्यांपैकी बरेच जण शेवटी घोरण्यावर औषध विचारत होते, आणि काही घोरण्यांवर दातांत बसवायचं साधन त्या देतातच. तेव्हा पेशंटला सभ्य शब्दांत विचारणारा एक प्रश्न घाला. मग म्हणाल्या, “आणि त्या करवतवाल्यांना माझ्याकडे पाठवून द्या.”

घरी ही हकिगत सांगताना तिचा जीव टांगणीला लागला होता. नवरा तलावावरून नुकताच आलेला, केस ओले. त्याने सगळं ऐकून घेतलं. घोरण्याबद्दल त्याची तक्रार नव्हती, ऑफिसभर झालं त्याचंही काही नाही. त्याला लागलं ते वेगळंच.

“गंभीर?” तो म्हणाला. “मध्यम नसतं का लिहिता आलं?”

तिने समजावलं की नियमाप्रमाणे काम थांबवते ती चूक गंभीर, आणि झोप हेही कामच. त्याने नियम मान्य केला, पण जेवणात मीठ कमी आहे हे त्या दिवशी पहिल्यांदाच बोलून दाखवलं. नंतर तो डॉक्टरीणबाईंकडे गेला, साधन बसवून आला. करवत थांबली, शिट्टी राहिली. खुसपटताईने मनातल्या मनात नोंदीचे दोन तुकडे केले, एक बंद केला, एक उघडा ठेवला, आणि पुष्कळ वर्षांनी सलग झोपली.

ऑफिसात मात्र सगळं सुरळीत झालं म्हणावं, तर मुकाट बदलला. त्या मीटिंगचा त्याने चांगलाच धसका घेतला होता. साखळीतून काहीही आलं की तो उठून खुसपटताईच्या टेबलाशी यायचा आणि हळूच विचारायचा, हे खरं आहे ना? आधी तिला बरं वाटलं. त्याच्या विचारण्याने खरोखरच कितीतरी चुका जन्माआधीच गेल्या, आणि डॉक्टरीणबाईंच्या हाती आता पडायची ती नवीच आवृत्ती. पण तोंड उघडायची सवय लागल्यावर ते मिटायचं कसं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. कामाचं विचारून झालं की तो शेजाऱ्याच्या मांजराबद्दल बोलायचा, मग आपल्या मामाच्या गुडघ्याबद्दल, मग पुन्हा मांजराबद्दल.

एका दुपारी तो असाच प्रोग्रॅममधल्या एका बटणाचा रंग विचारायला आला आणि मामावर पोचला. खुसपटताईचा चहा कधीच निवला होता. तिने एकदा पडद्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं, शेजारची खुर्ची पायाने पुढे ओढली आणि म्हणाली, “बस. पण मामाचा गुडघा उजवा का डावा, ते एकदा ठरव. काल डावा होता.”