दत्तारामची पट्टी

या ग्रुपवर मी बरीच वर्षं नुसता वाचक आहे. तुमचे अनुभव वाचून हसायचो, खोटं कशाला सांगू. माझं आयुष्य काँक्रीट आणि हजेरी यांत गेलं. भुताखेतांना त्यात जागाच नव्हती. आता वय ऐंशीकडे झुकलंय, अबुधाबीत अल रीम आयलंडवर मुलाकडे राहतो. हे लिहितोय ते कोणाला घाबरवायला नाही. एका माणसाबद्दल मी खोटं सांगितलं होतं, ते दुरुस्त करायचंय.

अबुधाबीपासून दीडेक तासावर, वाळवंटात एक लष्करी विमानतळ आहे. नाव लिहीत नाही. जुने पठाण ड्रायव्हर सांगायचे, आधी तिथे नुसती घट्ट दाबलेली वाळू होती. तेलवाल्यांची छोटी विमानं उतरायची, आणि त्याआधी कोणीतरी उंट हाकलायचं. मग काँक्रीट आलं, हँगर आले. आसपासच्या देशांत युद्ध पेटलं की करडी परदेशी विमानं दिवसभर चढत-उतरत राहायची... कुठे भूकंप झाला की तंबू आणि औषधंही तिथूनच जायची. कोण, कुठे, कशाला – हे आम्ही विचारायचं नव्हतं. आमचं काम खाली बघायचं.

म्हणजे खरोखरच खाली बघायचं. जेटचं इंजिन एखादा खडा किंवा स्क्रू ओढून घेतं आणि विमान कामातून जातं. म्हणून रोज सकाळी धावपट्टीच्या रुंदीभर माणसं एका ओळीत उभी करायची. प्रत्येकाला आपापली पट्टी, हातात पिशवी, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत खडे वेचत चालायचं. मी क्लीनिंग कंपनीचा मुकादम. ओळ सोडायची नाही, मी ‘खलास!’ ओरडलो की पिशवीचं तोंड बांधायचं आणि बसकडे यायचं. हा नियम माझाच.

दत्ताराम गुहागरकडचा. सगळ्यात कडेची, वाळूला लागून असलेली पट्टी त्याची. खडे तिथेच जास्त.

“मुकादम, गावाला काजी वेचायचो, हितं खडे वेचतो,” तो म्हणायचा. “काजू खाता तरी यायचा.”

“खडे पण खातोसच की,” शेजारच्या पट्टीवरून सलीम म्हणायचा. सलीम खेडचा. “मेसच्या डाळीत काय असतं मग?”

त्या दिवशी ओळ अर्ध्यावर असताना वादळ आलं. वाळूची भिंत चालत येते म्हणजे काय, हे पाहिल्याशिवाय कळत नाही. हाताला लागतील तेवढ्यांना मी ओढून बसमध्ये कोंबलं. ‘खलास’ म्हणालोच नाही. तोंड उघडलं की वाळू भरत होती. दत्ताराम मागच्या पिकअपमध्ये बसला असेल, असं धरून चाललो.

“दत्ता नाही आला! थांबा!” सलीम ओरडला.

मी ड्रायव्हरला म्हटलं, “यल्ला, चल.”

पिकअपमध्ये तो नव्हता.

वादळ ओसरल्यावर आम्ही शोधायला गेलो. धावपट्टीचं टोक संपतं त्याच्याही पलीकडे, वाळूच्या टेकाडाआड मला त्याची पिशवी सापडली. भरलेली. तोंड उघडं... म्हणजे तो खाली बघत सरळ पुढे चालत राहिला होता. काम संपल्याचं त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

मॅनेजर म्हणाला, लष्करी जागेत माणूस हरवला म्हटलं तर चौकशी लागेल, सगळ्यांचे गेटपास जातील, कॉन्ट्रॅक्ट जाईल. “लिख दो भाग गया. यहाँ रोज कोई ना कोई भागता है.” मी पिशवी वाळूत रिकामी केली, कचऱ्यात टाकली आणि सही केली. शोध तिथेच थांबला. तेव्हा तो जिवंत होता का, मला माहीत नाही.

गावी त्याच्या बायकोला, सुलभाला, फोनही मीच केला. “काम सोडून पळाला, वहिनी. कुठे गेला ठाऊक नाही.”

त्यानंतर कडेची पट्टी रिकामी राहिली, नवा माणूस मिळेना. पण ओळ गेल्यावर जीपमधून तपासायला येणारा तिथला अरब हवालदार एक दिवस म्हणाला, “हबीबी, दॅट साइड व्हेरी क्लीन. हू इज द मॅन?” मी म्हटलं, वारा. वाऱ्याने खडे येतात, जात नाहीत, हे मला कळत होतं.

पुढे दुरुस्तीसाठी धावपट्टी बंद होती, तेव्हा मी स्वतः त्या पट्टीवर मूठभर बोल्ट टाकले आणि शेजारून चालत निघालो. लख्ख ऊन. बोल्ट समोर दिसत होते. माझ्या पट्टीवरचा एक खडा उचलायला वाकलो, वर पाहिलं – पट्टी साफ. टोकाला पोचलो तर ते बोल्ट वाळूत एका ढिगात पडलेले. पिशवी रिकामी केल्यावर पडतात तसे.

मी कोणाला बोललो नाही. निवृत्त झालो. आता तिथे सलीम मुकादम आहे. तो दर ईदला फोन करतो. “कडेला अजून माणूस लावत नाही, मुकादम,” म्हणतो. “लागतच नाही.”

या हिवाळ्यात धीर करून सुलभाला फोन लावला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, “पळाला म्हणालात, तेव्हापासून रोज शिव्या घातल्या त्याला. पण शिव्या घालायला माणूस होता हो, भाऊ.”

तिनेच पुढे विचारलं,

“मग त्याला परत बोलावलंत का तुम्ही?”

“नाही.”

“हाक मारल्याबिगर तो जेवायलासुद्धा यायचा नाही,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

सलीमला सांगितलं. तो म्हणाला, “मी रोज ओरडतोच की खलास. माझं ऐकत नाही तो. मुकादम तुम्ही होतात त्याचे.”

पण मला आता आत कोण सोडणार? नातीला गाडी काढायला लावली. हायवेवरून लांब कुंपण दिसतं तिथे उतरलो आणि ओरडलो, “दत्ताराम, खलास! चल, खलास!”

“आजोबा, इट्स अ मिलिटरी एरिया, प्लीज!” नात दंडाला धरून ओढत होती. “हू आर यू शाउटिंग अ‍ॅट?” तेवढ्यात एक करडं विमान डोक्यावरून उतरलं आणि माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. ते गेल्यावर पुन्हा ओरडलो. घसा पार बसला.

दुसऱ्या दिवशी सलीमच्या फोनची वाट पाहत बसलो. खरं सांगून टाकलं, हाकही मारली, आता तरी त्या पट्टीवर एखादा खडा दिसेल, असं वाटत होतं...

“साफ आहे, मुकादम,” सलीम म्हणाला.

याचं स्पष्टीकरण माझ्यापाशी नाही. कोणाकडे असलं तरी आता मला नको. फक्त एवढी नोंद असू द्या – दत्ताराम पळाला नव्हता. तो अजून कामावर आहे.