कुठवर आलात?

शहाऐंशी साल. मी चव्वेचाळीस वर्षांचा. लातूर जिल्हा वेगळा होऊन चार वर्षं झाली होती. अहमदपुरात ज्याच्या त्याच्या तोंडी नव्या जिल्ह्याचं कौतुक होतं, पाणी मात्र जुन्याच जिल्ह्यात राहून गेल्यासारखं झालं होतं.

तेव्हा आमचं वाचनालय एक बाई सांभाळायच्या. मूळच्या कंधारकडच्या, नवरा लवकर गेलेला, वय पन्नाशीचं. समोर आलेल्या माणसाला त्या 'कसं काय' म्हणून विचारत नसत. चष्मा कपाळावर चढवायचा, हातातल्या पुस्तकात बोट अडकवायचं आणि विचारायचं, "कुठवर आलात?" समोरच्यानं पुस्तक घेतलेलं असो नसो. भाजीवालीला विचारलं तर ती म्हणायची, "हितंच हाय की बाई, कुठं जाऊ?"

मी बाइंडर. माझी शाळा सांगतो. निजामाच्या राज्यात अलिफ-बे सुरू केलं, राज्य बदललं, मग अ-आ सुरू केलं. तिसरीत बापानं काढून जिल्दीच्या दुकानात बसवलं. वाचता येतं मला. ओळीखाली बोट ठेवून येतं, पण येतं.

बाईंनी वाचनालयात एक मंडळ काढलं होतं. दर रविवारी तीन वाजता जमायचं, एकानं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. पिण्याचं पाणी ज्याचं त्यानं आणायचं, कारण वाचनालयाचा माठ फाल्गुनातच पालथा पडला होता. मंडळात एक वकीलसाहेब, शाळेतले मास्तर, कापडवाले अप्पा आणि बाई. अजून एकदोघं यायचे-जायचे, त्यांचं सोडा.

त्या रविवारी मी बांधलेली पुस्तकं पोचवायला गेलो होतो. पुढं काय वाचायचं, हे ठरत होतं. अप्पांना बारकं आणि हसवणारं काहीतरी पाहिजे होतं. मास्तरांना बोध असलेलं. बाईंनी खालच्या फळीवरून एक धोंडा काढून टेबलावर ठेवला. परदेशातली जुनी कादंबरी, मराठीत आणलेली. नदीकाठची पिठाची गिरणी, तिचा हट्टी म्हातारा मालक आणि त्याच्या तीन पोरांची गोष्ट. थोर कादंबरी, नाव सगळ्यांनी ऐकलेलं, वाचलेली कुणीच नाही. सातशे पानं, वरच्या कडेनं वाळवी लागलेली.

अप्पा म्हणाले, "बाई, दुष्काळात एवढं जाड?"

"टँकरच्या रांगेत चार-चार तास जातात, अप्पा. बारीक पुस्तक रांगेतच संपतं. मग बाकीचा उन्हाळा काय करायचं?"

वकिलांनी लगेच मान डोलावली, कारण अवघड पुस्तकाला नाही म्हणणं त्यांच्या कोटाला शोभलं नसतं. तुमच्याही गावात असे एक वकील असतील. मी पुस्तक हातात घेऊन पाहिलं आणि म्हटलं, शिवण सुटली आहे, पण जीव आहे, करून देतो. आणि उगीच तोंडातून गेलं की गोष्ट काय आहे तेही बघतो. वकील हसले. म्हणाले, "तुम्ही बाहेरचं बघा. आतलं आम्ही बघतो."

लागलं मला ते. मी म्हटलं, "साहेब, मी पण बसणार. शेवटच्या पानापर्यंत बसणार. आणि पाळी आली की वाचणार."

 बाईंनी यादी काढली आणि माझं नाव वकिलांच्या खाली लिहिलं.

आता थोडं कामाचं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या घड्यांचं असतं. एका घडीला आम्ही फर्मा म्हणतो. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानावर तळाशी बारीक आकडा असतो, त्या क्रमानं घड्या लावून शिवायच्या. वाळवीनं खाल्लेली वरची कड मला कापावी लागली, तिच्याबरोबर पानांचे आकडेही गेले. फर्मे लावून बसलो होतो, एवढ्यात गल्लीत ओरडा झाला, टँकर आला. ढिगावर दगड ठेवला आणि घागरी घेऊन पळालो. दोन तासांनी आलो, उरलेले फर्मे लावले, शिवले, खळ लावली. खळ शिजवायला प्यायच्या पाण्यातला अर्धा तांब्या घेतला म्हणून बायको दोन दिवस बोलली नाही. जिल्द मात्र अशी झाली की वकिलांनीसुद्धा हात फिरवून पाहिला.

वाचन सुरू झालं. दोनेक महिन्यांनी एका रविवारी वकील वाचत होते. वाक्य मधेच तुटलं. वकील थांबले, म्हणाले भाषांतर आहे, असं होतं. पुढं गिरणीवाला म्हातारा मेला. माती झाली, पोरं वाटणीला बसली. असं करत सोळा पानं उलटली, तर म्हातारा जेवायला बसून थोरल्याला शिव्या देतोय.

 मग वकिलांनी चष्मा पुसला आणि सांगितलं की थोर लेखक काळाला सरळ चालू देत नाही. मास्तरांनी तेवढ्यावर दोन पानं लिहून आणतो म्हणून कबूल केलं. अप्पा हळूच मला म्हणाले, "बाइंडर, मला काय बी कळंना. तुला?" मी म्हटलं, कळतंय. खोटं बोललो.

पुढची पाळी माझी होती. वकिलांसमोर अडखळायचं नाही म्हणून मंगळवारी संध्याकाळी पुस्तक घरी आणलं. मागचं नीट कळल्याशिवाय पुढचं मला वाचता येत नाही, म्हणून वाक्य तुटलं होतं तिथून बोट ठेवून सुरुवात केली. बुधवारी दुपारी बोट पानाच्या तळाशी गेलं. एकवीस. सोळा पानं पुढं गेलो. वीस.

टँकरसाठी उठलो तिथं एकविसावा फर्मा विसाव्याच्या आधी लागला होता. पुस्तक मिटून बसलो. तीस वर्षं या हातानं जिल्दी बांधल्या. कोर्टाची दफ्तरं, शाळांची हजेरीबुकं, पोथ्या. अमुक बाइंडरनं पान चुकवलं, असं कुणी म्हटलं नव्हतं. आणि आता ज्या माणसानं मला बाहेरचं बघा म्हटलं होतं, त्याच्यापुढं जाऊन सांगायचं की बाहेरचंही मला आलं नाही. न सांगितलं तर कुणाला कळणार नव्हतं. गुपचूप उसवून शिवलं असतं तरी चाललं असतं. दोन दिवस हाच विचार केला. शुक्रवारी पुस्तक घेऊन वाचनालयात गेलो.

बाईंनी चष्मा वर चढवला. "कुठवर आलात?"

"बाई, म्हातारा अजून मेला नाही," मी म्हटलं आणि दोन्ही आकडे दाखवले.

त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढून पानं मागंपुढं उलटली. मला वाटलं रागावतील. त्या खुर्चीवर टेकल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही न्यायच्या आधी मी तीनदा वाचलं हे. वाटलं, आपली बुद्धी चालली आता. हे काम सोडावं, असंसुद्धा मनात आलं, भाऊ." आणि पदरानं डोळे पुसत हसायला लागल्या.

मी म्हटलं, रविवारी तुम्हीच सांगा सगळ्यांना. त्या नाही म्हणाल्या. "चूक तुमची आहे आणि सापडलीय पण तुम्हालाच. दोन्ही तुम्हीच सांगायचं."

रविवारी सांगितलं. उभं राहून, टँकरपासून सगळं. मास्तरांनी लिहून आणलेली दोन पानं घडी करून खिशात घातली. वकील म्हणाले, तरीही अर्थ निघत होता. बाई म्हणाल्या, "निघत होता ना. म्हणून तर भीती वाटते." अप्पा आधी हसले, मग त्यांना हसू आवरेना. "म्हंजे त्याची माती होऊन त्याला परत जेवायला बसवलं व्हय रे बाइंडर?"

बाईंनी दोन्ही फर्मे पुन्हा वाचायचं ठरवलं, सरळ क्रमानं. वाचणार मी. सोमवारी जिल्द उसवून दुरुस्त केली. त्या बत्तीस पानांना मला तीन रविवार लागले. एकेका शब्दापाशी थांबायचो. पहिल्या रविवारी वकील पुढचा शब्द सांगायला गेले, तर बाईंनी नुसतं बोट वर केलं. पुन्हा कुणी सांगितला नाही. म्हातारा जेवला, भांडला, आजारी पडला आणि तिसऱ्या रविवारी माझ्या आवाजात मेला. अप्पांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

कादंबरी पोळ्याच्या आधी संपली. शेवटचं पानही बाईंनी मलाच वाचायला दिलं. वकील त्या दिवशी माझ्यासाठी घरून थंड पाण्याचा तांब्या घेऊन आले होते. माझ्यापुढं सरकवला.

त्यानंतर बाईंनी अशी किती जाड पुस्तकं आमच्याकडून वाचून घेतली, ते सांगत बसत नाही. वय झालं तशा त्या कंधारला भावाकडं गेल्या. वर्षाकाठी एखादं कार्ड यायचं, पुढं फोन. फोनवरही पहिला प्रश्न तोच. मी खरं तेच सांगायचो, चाळीस पान, नव्वद पान. वकील गेले, मास्तर गेले, अप्पांना दिसेनासं झालं.

मागच्या महिन्यात त्यांच्या भाच्याचा फोन आला. बाई दुपारी झोपेतच गेल्या. आमची ती गिरणीची कादंबरी त्यांनी स्वतःसाठी नवी घेतली होती, तीच उशाशी होती, म्हणाला.

मी विचारलं, "कुठवर आल्या होत्या?"

त्याला कळलं नाही. मी म्हटलं, आत खूण असेल, बघ. खूण होती. तो पानाचा आकडा सांगायला लागला. आमच्या प्रतीला आकडे नाहीत, मीच कापलेले. म्हटलं, त्या पानाची शेवटची ओळ वाच बाबा, सावकाश वाच. त्यानं वाचली. मी दुकानातल्या पुठ्ठ्यावर लिहून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालय उघडायच्या आधीच पायरीवर जाऊन बसलो. उघडल्यावर कादंबरी मागून घेतली, पुठ्ठा शेजारी ठेवला आणि ओळ सापडेपर्यंत एकेक पान बघत गेलो. अकरा वाजता सापडली. तिच्या खालच्या ओळीवर बोट ठेवलं आणि तिथून पुढं मोठ्यानं वाचायला लागलो.