उज्ज्वलाचा पासवर्ड

पिंपरी पेंढारच्या पाणीवाटप संस्थेत उज्ज्वला आठ वर्षं कॉम्प्युटर सांभाळत होती. कालव्याचं पाणी कुणाच्या शेताला कोणत्या दिवशी, ती यादी तिच्या हातात. पासवर्ड तिनं नवऱ्यालाही सांगितला नव्हता आणि चेअरमन बाळासाहेबांनाही. तोऱ्यात म्हणायची, "माज्याशिवाय यादीतलं एक नाव हलायचं न्हाई." तोरा तिला शोभायचाही, कारण वशिला तिच्यापाशी कधी चालला नाही.

यादी सगळ्यांना दिसावी म्हणून तिनं दुसरं, बिनपासवर्डचं खातं उघडं ठेवलं होतं. ज्यानं त्यानं यावं, खुर्चीत बसावं, आपला नंबर बघावा. बदल मात्र त्यातून करता येत नसे.

मार्चमध्ये गेणभाऊंचा नंबर दुसऱ्या दिवसावरून थेट नवव्यावर गेला. म्हातारा बांधावर वाट बघत राहिला आणि डोळ्यांदेखत कांद्यानं माना टाकल्या. भर चौकात तो उज्ज्वलाला नाही नाही ते बोलला.

"पासवर्ड आणखी कुणाला ठाव हाय?" बाळासाहेबांनी विचारलं.

"कुणालाच न्हाई," ती म्हणाली आणि आपल्याच तोंडानं अडकली. गिरणीत ती शिरली की बायका पाठ फिरवायच्या.

शेवटी नारायणगावहून मोहित आला, कॉम्प्युटर दुरुस्तीवाला. तो उघड्या खात्यातच बसला, एक छोटासा प्रोग्राम चालवला आणि अर्ध्या मिनिटात मशीन त्यालाच मालक समजू लागलं. सगळ्यांसमोर त्यानं यादीतलं नाव बदलून दाखवलं.

"पासवर्ड लागलाच न्हाई, बघा. सिस्टिममधीच भोक हाय. कुणी केलं ते सांगता यायचं न्हाई. पण ते बुजवायची दुरुस्ती कंपनीनं चार म्हयन्यांमागंच पाठवलीय."

"म्हंजी आपल्या बाईंचा दोष न्हाई!" बाळासाहेबांना हायसं वाटलं. दुरुस्ती बसवली का नाही, हे कुणी विचारलंच नाही. गेणभाऊंनी तर हात जोडले. "पोरी, लई वंगाळ बोललो. माफ कर."

उज्ज्वलानं स्क्रीनच्या कोपऱ्याकडं पाहिलं. त्याच दुरुस्तीची, अपडेटची सूचना आजही तिथंच होती. तासभर मशीन अडकतं, बाहेर माणसं ताटकळतात, म्हणून ती रोज 'नंतर' दाबायची. गप्प राहिली तर सुटणार होती.

"हात जोडू नका, भाऊ," ती म्हणाली. "ती दुरुस्ती मीच थांबवली व्हती. चार म्हयनं."

गेणभाऊंनी हात सोडले. दाराशी जाऊन चपला पायात घातल्या आणि ते शेताकडं निघाले.