आखाडातली पेनल्टी

स्वतंत्र भारताच्या फुटबॉल संघानं विलायतेत पहिला मोठा सामना खेळला आणि इकडे धाड गावात माझ्या उजव्या पायाचा अंगठा मोडला. या दोन घटनांचा संबंध कोणत्याही इतिहासकारानं नोंदवलेला नाही, म्हणून मलाच लिहावं लागतंय.

आमच्या भागाचा कारभार तेव्हा नागपूरहून चालायचा, मध्यप्रांत-वऱ्हाड म्हणून. मी चिखलीला मास्तर होतो आणि लग्नाला तीन महिने झाले होते. आखाड लागला तशी बायको, वत्सला, धाडला माहेरी गेली. आमच्याकडची रीतच तशी : लग्नानंतरच्या पहिल्या आखाडात नवराबायकोनं एकमेकांचं तोंड पाहायचं नाही. पाहिलं तर काय होतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण आजवर कोणी पाहिलंच नव्हतं! पंचवीस दिवस मी कसेबसे काढले. उरले पाच.

"पाच दिवस तं राह्यले," माय म्हणाली. "तेवढाही धीर निंघत नाही काय रे तुले?"

"बायकोसाठी कोन जाऊन राह्यलं? लंडनले ऑलिंपिकात आपल्या देशाचा फुटबॉल हाये. मामाजीच्या रेडिओवर आयकाले जातो."

"चिखलीत नाहीत काय रेडिओ?"

"त्यायचा आवाज पावसानं बसला हाये."

मी पिशवी उचलली. (पिशवी आदल्या दिवशीच भरून ठेवली होती, हे मायनं पाहिलेलं असावं.)

धाडला सासऱ्यांच्या ओसरीत पाय ठेवला आणि आत एकच धावपळ उडाली. धाडकन दार लागलं, कडी पडली. दाराआडून सासूबाईंचा आवाज आला, "जावईबापू, आखाडात काऊन येनं केलं?"

"फुटबॉल," मी म्हणालो.

"अगं माय! कोनाले झाला?"

मामाजी मात्र, म्हणजे माझे सासरे, खूश झाले. देशाचं काम म्हटल्यावर त्यांनी मला बाहेरच्या बैठकीत गादी घालून दिली. संध्याकाळी अर्धा गाव रेडिओभोवती जमला. रेडिओनं आधी खरखर ऐकवली, मग कापसाचे भाव, मग पुन्हा खरखर. माझा एक कान रेडिओकडे होता आणि दुसरा घराच्या बंद खिडकीकडे. दोन्हीकडून काही कळेना!

दुसऱ्या दिवशी सकाळी बातमी लागली. फ्रान्सनं आपल्याला दोन-एकनं हरवलं होतं. आपली बरीचशी पोरं अनवाणी खेळली होती, आणि दोन पेनल्ट्या हुकल्या होत्या.

"अनवाणी?" मामाजी मांडीवर थाप मारून म्हणाले. "मंग ते आपल्याच गावचे हायेत! अन् जावईबापू, हे पेनल्टी काय भानगड?"

मी घसा साफ केला. कॉलेजात मी फुटबॉल खेळलो होतो. म्हणजे, मैदानाबाहेर गेलेला चेंडू दोनदा आणून दिला होता.

"पेनल्टी म्हंजे असं पाहा. चेंडू समोर ठेवलेला. अडवाले फक्त एक मानूस, गोलात उभा. बाकी सारे दूर. आपन जायचं, मारायचं, बस!"

"अन् तरी हुकले?"

"दोनदा!"

इथं मी थांबायला हवं होतं. पण नेमक्या त्याच वेळी खिडकीमागे बांगड्या वाजल्या! मग काय, आवाज चढला. "काय म्हनावं ह्या लोकायले? सात समुद्र ओलांडून गेले, अन् बारा पावलांवरून गोल होत नाही! मी तं डोये बांधून मारला असता!"

कोपऱ्यात माझा साळा, वत्सलेचा भाऊ नामदेव बसला होता. म्हशीसारखा शांत माणूस. तो म्हणाला, "मारून दाखवा मंग, भाऊजी."

"हाव, हाव! दाखवा!" अर्धा गाव म्हणाला.

मी हसून सांगितलं, की धाडमध्ये फुटबॉल नाही, त्याला मी तरी काय करणार? पण विहिरींच्या मोटा शिवणारे किसनबुवा तिथंच बसले होते. दुपारपर्यंत त्यांनी जुन्या मोटेच्या चामड्याचा गोळा शिवून आणला. आत हवा भरायची सोय नव्हती, म्हणून सरकी ठासून भरली होती. त्यावर दुपारभर झिमझिम पाऊस पडला. सरकी पाणी प्यायली. संध्याकाळी दोन गडी तो चेंडू उचलून बाजाराच्या मैदानात घेऊन आले. दोन गडी!

बैलगाडीची दोन जोखडं रोवून गोल झाला होता. नामदेव त्यात चक्क मांडी घालून बसला.

"उभा राह्य ना बे!" मी ओरडलो.

"तुमी डोये बांधून मारनार होते. तुमचे डोये उघडे, मंग मी बसलेला. फिटंफाट!"

माझ्या पायात कॅनव्हासचे बूट होते, एवढीच आशा होती. ती मामाजींनी घालवली. "जावईबापू, आपली पोरं गोऱ्यायपुढं अनवाणी खेयली, अन् तुमी धाडात बूट घालान?"

देशाची इज्जत! मी बूट काढले. आसपासच्या घरांच्या सपाट छपरांवर, धाब्यांवर, बायका जमल्या होत्या, आणि सासऱ्यांच्या धाब्यावर एक हिरवा पदर दिसत होता. वत्सलेचाच! मी पदराकडे पाहत धावलो आणि उजव्या पायाची सारी ताकद लावून लाथ हाणली.

काड्कन आवाज आला. चेंडूचा नव्हता.

चेंडू चार बोटं सरकला. नामदेव मांडी न मोडता म्हणाला, "भाऊजी, मारला काय?"

(हिरवा पदर वत्सलेच्या आत्याबाईंचा होता. त्यांनी माझं सगळं शौर्य अगदी नीट पाहिलं.)

हाडवैद्यानं अंगठ्याला बांबूच्या चिपा बांधल्या. "पंधरा दिवस इथून हालायचं नाही," तो म्हणाला. मी तोंडानं विव्हळत होतो, पण मनात पेढे वाटत होतो. पंधरा दिवस सासरी! आखाडाचे चारच उरलेले! मग श्रावण, आणि समोर वत्सला, गरम हळदीचं दूध घेऊन!

पण सासूबाई दाराआडून कडाडल्या, "आखाडात जावई अन् पोरगी एका घरी? नाही बाप्पा! जावई हालत नाही ना? मंग पोरगी हालंल! जाऊ द्या तिले मामाकडं, सुलतानपूरले!"

सकाळी बैलांची दमणी जुंपली. वत्सलेला दमणीपर्यंत जायला वाट बैठकीसमोरूनच होती, म्हणून नामदेव आणि एक गडी माझ्यापुढे घोंगडं ताणून उभे राहिले. घोंगड्यापलीकडून पावलं आली, थांबली. इतक्या दिवसांनी बायकोचा आवाज ऐकला.

"लंडनवाल्यायले नावं ठेवली ना? दुखते काय लई?"

"लई," मी म्हणालो.

"बरं झालं!" आणि दमणी निघाली.

श्रावण लागला, पण सुलतानपूरच्या वाटेवरच्या नद्यांना पूर आले. वत्सलेची नागपंचमी मामाकडेच झाली. पंधराव्या दिवशी माझा थोरला भाऊ मला न्यायला आला आणि वत्सला त्याच संध्याकाळी धाडला परतली, मी चिखलीत पोचलो तेव्हा!

पहिल्या आखाडाची रीत आमच्या खानदानात माझ्याइतकी कडक कोणी पाळली नाही. मी तर ती अर्धा श्रावण पाळली. आणि त्या अनवाणी पोरांबद्दल पुन्हा कधी अवाक्षर काढलं नाही. पण मनातली एक गोष्ट सांगतो : फ्रान्सच्या लोकांनी त्यांना निदान दोन पेनल्ट्या तरी मारू दिल्या. माझ्या सासूबाईंनी मला दुसरी दिलीच नाही!