फिलोमिनाचं भरतपूर

फिलोमिना पक्षी ओळखायची ते चवीवरून. आमच्या पक्षिमित्रांच्या ग्रुपबरोबर ती भरतपूरच्या राष्ट्रीय उद्यानात आली, तेव्हा पहिल्याच सकाळी कुणीतरी तळ्यातला काळाभोर, कपाळावर पांढरा टिळा असलेला चांदवा दाखवला. सगळे दुर्बिणी सरसावून बघत होते. फिलोमिना शांतपणे म्हणाली, "ह्याला चिखलाचा वास येतो. कांदा जास्त घालावा लागतो." त्या दिवशी नाश्त्याला आमच्या टेबलाशी कुणी बसलं नाही.

बोरिवलीतल्या एका बँकेत आम्ही एकवीस वर्षं शेजारी शेजारी बसलो. ती गोराईची, मासेमारी करणाऱ्या ख्रिस्ती घरातली. रोज बोटीने खाडी ओलांडून कामाला यायची. मला पक्षी बघण्याचा नाद पन्नाशीत लागला. आम्ही दोघी निवृत्त झालो त्या वर्षी ग्रुपच्या सहलीत एक जागा रिकामी झाली, म्हणून मी तिला विचारलं. जन्मभर बगळ्यांच्या शेजारी राहिले, आता त्यांना बघायला गाडीत बसून जायचं का, असं म्हणून ती खूप हसली. पण आली. बॅगेत कपडे कमी आणि सुक्या जवळ्याची चटणी जास्त.

दुर्बीण तिने शेवटपर्यंत घेतली नाही. "दुर्बिणीतून पक्षी दिसतो गं, पाणी नाय दिसत," म्हणायची. मी वहीत नावं लिहीत असायचे, तेव्हा ती काठावर उकिडवी बसून माती चाचपायची. आमची सायकलरिक्षा चालवणारे हरनामजी म्हणून एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांच्याशी तिची मोडक्यातोडक्या हिंदीत चांगली गट्टी जमली. दोघं पावसाबद्दल बोलत, माशांबद्दल बोलत. पक्ष्यांचा विषय क्वचितच निघे.

तिसऱ्या दिवशी हरनामजींनी आम्हाला आतल्या एका तळ्याशी नेलं. शेकडो रंगीत करकोचे, पेलिकन, बगळे एकमेकांना खेटून उभे होते. चोच घातली की मासा वर येत होता. आमचे ग्रुपप्रमुख म्हणाले की असं दृश्य नशिबात असावं लागतं. मी फिलोमिनाला कोपराने ढोसलं आणि म्हटलं, झकास ना? काठाच्या तडकलेल्या मातीवर उभी राहून ती तळ्याच्या मध्यापर्यंत नजर फिरवत होती.

"सुनंदा, ही जत्रा नाय गं," ती म्हणाली. "बाजूच्या तळ्यांतलं पाणी संपलं, म्हणून सगळे इथे आलेत. आठ-दहा दिवसांत हे पण जाईल."

प्रमुखांच्या कपाळाला आठी पडली. खरं सांगायचं तर मलाही राग आला. तुला कशाचा आनंद घेताच येत नाही, असं मी तिला सगळ्यांसमोर बोलले. हरनामजींनी मात्र तिच्या बोलण्याला मान डोलावली. पाऊस कमी झाला होता आणि तळ्यांत सोडतात ते कालव्याचं पाणीही आलं नव्हतं. मासा संपला की मोठे पक्षी उडून जातील आणि झाडांवरच्या घरट्यांत पिल्लं मागे राहतील, असं ते म्हणाले. मग कुणी फारसे फोटो काढले नाहीत.

परतताना रिक्षात तिने सांगितलं. ती दहावीत असताना गोराईच्या खाडीत तिच्या पप्पांच्या जाळ्यात एका आठवड्यात इतकी बोय मासळी आणि कोळंबी आली, की जाळं ओढायला शेजाऱ्यांना बोलवावं लागलं. गावात नाचगाणं झालं. पप्पा मात्र पायरीवर बसून राहिले, जेवले नाहीत. ममा रागावली, तेव्हा एवढंच म्हणाले, की मासा एका जागी पळून आलाय, बाकीची खाडी बिघडली असणार. पुढच्या वर्षी जाळं रिकामं येऊ लागलं.

"त्याच वर्षी पप्पांनी मला टायपिंगला घातलं," ती म्हणाली. "लोकांना वाटतं पोरगी हुशार, म्हणून बँकेत लागली. खाडी मेली, म्हणून लागले मी."

एकवीस वर्षं एकमेकींच्या डब्यातलं खाल्लं, आणि हे मला माहीत नव्हतं. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "सोड ना. भूक लागलीय मला."

त्यानंतर दर पावसाळ्यात ती हरनामजींना फोन करायची आणि तिकडची खबर मला सांगायची. कधी पाणी आलेलं असे, कधी नसे. गेल्या वर्षी जुलैत ती न्यूमोनियाने गेली. गोराईच्या चर्चमागच्या दफनभूमीत तिला मातीआड केलं, तेव्हा खाडीवरून वारा सुटला होता आणि सगळ्यांच्या छत्र्या उलटत होत्या.

महिन्याभराने तिच्या मुलीकडून नंबर घेऊन मी हरनामजींना फोन केला. बातमी ऐकून त्यांनी तिच्या मुलीची चौकशी केली. मग म्हणाले, यंदा कालव्याचं पाणी सुटलंय, बाईंच्या फोनची मी वाटच बघत होतो.

मी विचारलं, "किती आलंय?"

पहिल्या तळ्यात गुडघ्याच्या वर, ते म्हणाले. आणि पुढच्या? पुढे आज गेलो नाही, म्हणाले. घाई नसेल तर फोन चालू ठेवूनच जाल का, असं मी विचारलं. ते निघाले. एकेका तळ्याशी थांबून, पाणी कुठवर चढलंय ते मला सांगत गेले.